हृदयाच्या झडपेचा जंतुसंसर्ग : शस्त्रक्रियेसाठी ताप उतरण्याची वाट पाहावी का?

चेन्नई : हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाला असून ती तातडीने बदलावी लागेल, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर रुग्णाचे नातेवाईक बहुधा एकच प्रश्न विचारतात. अंगात ताप आहे, रक्तात जंतू आहेत, अशा अवस्थेत छाती कशी उघडायची? आधी संसर्ग आटोक्यात येऊ द्या, प्रकृती जरा सुधारू द्या, मग शस्त्रक्रिया करू. हा विचार व्यवहारी वाटतो. गळू किंवा जखमेच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्या आपण हेच ऐकत आलो आहोत. परंतु हृदयाच्या झडपेच्या बाबतीत अनेकदा हीच वाट पाहणे रुग्णाला महाग पडते.

चेन्नई हे देशातील हृदयशस्त्रक्रियेच्या जुन्या केंद्रांपैकी एक. पेरांबूर येथील रेल्वे रुग्णालयात १९७५ मध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी देशातील पहिली कॉरोनरी बायपास शस्त्रक्रिया केली. आज ग्रीम्स रोड आणि अन्य भागांतील रुग्णालयांत देशाच्या कानाकोपऱ्यातून हृदयरुग्ण येतात. त्यांपैकी झडपेच्या संसर्गाचे रुग्ण संख्येने थोडे असतात. मात्र त्यांच्याबाबतचे निर्णय सर्वांत अवघड असतात. या शस्त्रक्रियेत धोका आहे, हे खरे. पण शस्त्रक्रिया न करण्यातही धोका आहे आणि तो दिवसागणिक वाढत जातो. या दोन धोक्यांची तुलना कशी केली जाते, हे समजून घेणे रुग्णाच्या कुटुंबासाठी महत्त्वाचे ठरते.

आजार नेमका काय?

हृदयाला चार झडपा असतात. रक्त एकाच दिशेने पुढे जावे आणि मागे फिरू नये, हे त्यांचे काम. या झडपांवर व हृदयाच्या आतील अस्तरावर जंतूंनी घर केले, की त्या आजाराला वैद्यकीय परिभाषेत ‘इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस’ म्हणतात. निरोगी, गुळगुळीत झडपेवर जंतू सहसा टिकत नाहीत. परंतु झडप आधीच खराब झाली असेल, जन्मतः सदोष असेल किंवा कृत्रिम असेल, तर तिच्या पृष्ठभागावर जंतूंना आधार मिळतो. तेथे जंतू, रक्तातील बिंबिका आणि फायब्रिन यांचा मिळून एक पुंजका तयार होतो. डॉक्टर त्याला ‘व्हेजिटेशन’ म्हणतात.

हे जंतू रक्तात येतात कोठून? किडलेले दात व सुजलेल्या हिरड्या हा एक मार्ग. तोंडात एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्ट्रेप्टोकोकस जातीचे जंतू याच वाटेने हृदयापर्यंत पोहोचतात. डायलिसिससाठी बसवलेली नळी, शिरेत दीर्घकाळ ठेवलेली सलाइनची नळी, पेसमेकरची तार, त्वचेवरील जखमा आणि अमली पदार्थांची इंजेक्शने हे अन्य मार्ग. त्यातून शिरणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू अधिक आक्रमक असतो. तो काही दिवसांत झडपेची चाळण करू शकतो.

पाश्चात्त्य देशांत हा आजार आता मुख्यतः वयस्कर, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर असलेल्या रुग्णांमध्ये दिसतो. भारतातील चित्र दीर्घकाळ वेगळे राहिले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी १९८१ ते १९९१ या काळातील रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा रुग्णांचे सरासरी वय अवघे २५ वर्षे असल्याचे आढळले. दहापैकी सुमारे चार रुग्णांना आधीपासून र्‍हुमॅटिक हृदयविकार होता. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या संधिज्वरातून हा विकार जडतो. म्हणजे आपल्याकडे हा आजार बऱ्याचदा कमावत्या तरुणाला, लहान मुलांच्या आईला किंवा शिकत्या मुलाला गाठतो. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना हे वय विसरता येत नाही.

केवळ औषध का पुरत नाही?

पेनिसिलिन येण्यापूर्वी हा आजार जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरत असे. विल्यम ऑस्लर यांनी १८८५ मध्ये लंडन येथील आपल्या व्याख्यानांतून या आजाराचे सविस्तर वर्णन केले. पण तेव्हा त्यांच्या हाती उपचार नव्हता. १९४० च्या दशकात प्रतिजैविके आली आणि प्रथमच रुग्ण वाचू लागले. आजही उपचाराचा पाया तोच आहे. साधारणपणे चार ते सहा आठवडे शिरेतून मोठ्या मात्रेत प्रतिजैविके द्यावी लागतात. निम्म्याच्या आसपास रुग्ण या उपचारावर, शस्त्रक्रियेशिवायही बरे होऊ शकतात.

मग उरलेल्यांचे काय? अडचण त्या पुंजक्याच्या रचनेत आहे. झडपेला स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळपास नसतात. पुंजक्याच्या आत खोलवर दडलेल्या जंतूंपर्यंत शरीराच्या संरक्षक पेशी पोहोचत नाहीत आणि औषधही पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही. शिवाय औषध जंतू मारते. फाटलेली झडप शिवत नाही. झडपेला भोक पडले असेल किंवा तिला आधार देणारे दोर तुटले असतील, तर रक्तातील शेवटचा जंतू मेल्यानंतरही ती गळती तशीच राहते. ताप उतरतो, पण धाप वाढते. नातेवाइकांना प्रकृती सुधारल्यासारखी वाटते आणि त्याच वेळी हृदय थकत जाते.

जिवंत संसर्ग असतानाही झडप बदलता येते, हे १९६५ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या डॉक्टरांनी दाखवून दिले. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गात त्यांनी रुग्णाची महाधमनीची झडप काढून कृत्रिम झडप बसवली आणि रुग्ण वाचला. ‘संसर्ग असताना परकी वस्तू शरीरात ठेवू नये’ या शस्त्रक्रियेतील जुन्या नियमाला तो अपवाद होता. पुढील सहा दशकांत तो अपवाद प्रस्थापित उपचार बनला आहे.

शस्त्रक्रिया केव्हा आवश्यक ठरते?

युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांसह जगभरातील बहुतेक सूचनांत शस्त्रक्रियेची तीन मुख्य कारणे दिली आहेत.

पहिले आणि सर्वाधिक आढळणारे कारण म्हणजे हृदयाची कार्यक्षमता ढासळणे. झडप अचानक गळू लागली, की रक्त मागे फुफ्फुसांत साचते. रुग्णाला आडवे झोपता येत नाही, श्वास अपुरा पडतो, रक्तदाब घसरतो. जुनाट गळतीशी हृदय हळूहळू जुळवून घेते; अचानक झालेल्या गळतीशी जुळवून घ्यायला त्याला वेळच मिळत नाही.

दुसरे कारण, संसर्ग आटोक्याबाहेर जाणे. योग्य औषध सुरू असूनही रक्तात जंतू सापडत राहणे, झडपेच्या मुळाशी पू साचणे, बुरशीचा संसर्ग असणे किंवा कृत्रिम झडप सैल होणे ही त्याची रूपे. महाधमनीच्या झडपेलगतच हृदयाचे ठोके नियंत्रित करणारी विद्युतवाहिनी असते. पू तेथवर पसरला, तर ईसीजीमध्ये बदल दिसू लागतात. अशा रुग्णाचा ईसीजी डॉक्टर रोज का काढतात, याचे उत्तर येथे आहे.

तिसरे कारण, पुंजक्याचा तुकडा सुटण्याची भीती. हा तुकडा रक्तासोबत मेंदूत गेला तर पक्षाघात होतो. प्लीहा, मूत्रपिंड किंवा पायाच्या रक्तवाहिनीत अडकला तर तेथील रक्तपुरवठा थांबतो. पुंजका १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल आणि हलत असेल, तर धोका अधिक. ही भीती उपचाराच्या पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक असते आणि नंतर झपाट्याने कमी होते. म्हणूनच या कारणासाठी शस्त्रक्रिया करायची असेल, तर ती लवकर केली तरच तिचा उपयोग असतो.

या सूचनांमध्ये वेळेच्याही पायऱ्या आहेत. हृदय पूर्णपणे खचले असेल तर २४ तासांच्या आत, अन्य तातडीच्या कारणांसाठी तीन ते पाच दिवसांत आणि उरलेल्यांसाठी त्याच रुग्णालय मुक्कामात शस्त्रक्रिया करावी, असे त्या सांगतात. प्रतिजैविकांचे सहा आठवडे पूर्ण होण्याची वाट पाहणे हा सरसकट नियम नाही.

थांबल्याने काय होते?

या प्रश्नाचे सर्वांत चर्चिले गेलेले उत्तर दक्षिण कोरियातून आले. तेथील डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ७६ रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. या सर्वांच्या झडपेत तीव्र बिघाड होता आणि पुंजके मोठे होते. एका गटातील ३७ रुग्णांवर ४८ तासांच्या आत शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या गटातील ३९ रुग्णांवर प्रचलित पद्धतीने, म्हणजे आधी औषधे आणि गरज पडल्यास शस्त्रक्रिया, असे उपचार झाले. रुग्णालयातील मृत्यू किंवा सहा आठवड्यांत तुकडा सुटून होणारी इजा यांचे एकत्रित प्रमाण पहिल्या गटात ३ टक्के, तर दुसऱ्या गटात २३ टक्के आढळले. लवकर शस्त्रक्रिया झालेल्या एकाही रुग्णात तुकडा सुटला नाही. थांबलेल्यांपैकी आठ जणांत तो सुटला. थांबलेल्या ३९ पैकी ३० जणांना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली.

या चाचणीच्या मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. रुग्ण थोडे होते, तुलनेने तरुण होते आणि त्यांच्यात सौम्य जातीच्या जंतूंचे प्रमाण अधिक होते. कृत्रिम झडप असलेले आणि मोठा पक्षाघात झालेले रुग्ण त्यात नव्हते. सहा महिन्यांनंतर दोन्ही गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. तरीही एक गोष्ट या चाचणीने ठामपणे दाखवली. संसर्ग सक्रिय असताना केलेली शस्त्रक्रिया योग्य रुग्णात सुरक्षित असते आणि ती पक्षाघातासारखे कायमचे नुकसान टाळू शकते.

त्यानंतर युरोपसह अनेक देशांतील रुग्णालयांनी २०१६ ते २०१८ या काळात ३,११६ रुग्णांची नोंद ठेवली. त्यांपैकी १७.१ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले. सुमारे ६९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेची गरज होती. मात्र गरज असलेल्यांपैकी जवळपास तीन चतुर्थांश रुग्णांवरच ती होऊ शकली. गरज असूनही शस्त्रक्रिया न होणे हे मृत्यूशी निगडित महत्त्वाच्या घटकांपैकी एक असल्याचे या नोंदीत दिसून आले. अर्थात, शस्त्रक्रिया नाकारलेले अनेक रुग्ण मुळातच अधिक आजारी असतात. त्यामुळे संपूर्ण फरक शस्त्रक्रियेच्या खात्यावर मांडता येत नाही.

शस्त्रक्रियेत काय केले जाते?

छातीचे मधले हाड उघडून रुग्णाला हृदय-फुफ्फुस यंत्रावर घेतले जाते. हृदय थांबवून आतील झडप उघड्या डोळ्यांनी तपासली जाते. शल्यविशारदाचे पहिले काम नवी झडप बसवणे हे नसून संसर्ग झालेला प्रत्येक कण काढून टाकणे हे असते. पू असेल तर ती जागा खरवडून स्वच्छ करावी लागते. उरलेली पोकळी हृदयाभोवतीच्या आवरणाचा तुकडा लावून बंद केली जाते. काढलेला भाग जंतुपरीक्षणासाठी पाठवला जातो. आधी न सापडलेला जंतू कधीकधी येथे सापडतो.

झडपेचा थोडाच भाग खराब झाला असेल, तर ती दुरुस्त करता येते. डाव्या कप्प्यांमधील मायट्रल झडपेच्या बाबतीत हे अधिक शक्य असते आणि रुग्णाची स्वतःची झडप वाचल्याचा पुढे मोठा लाभ होतो. संसर्ग जितका उशिरा थोपवला जाईल, तितकी दुरुस्तीची शक्यता कमी होत जाते.

धोके कोणते?

हृदयावरील नियोजित शस्त्रक्रियेच्या तुलनेत ही शस्त्रक्रिया निश्चितच अधिक जोखमीची आहे. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी पाहता शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूचे प्रमाण साधारणपणे दहात एक ते पाचात एक असे आढळते. परंतु ही सरासरी एका विशिष्ट रुग्णाला जशीच्या तशी लागू पडत नाही. मूत्रपिंडे शाबूत असलेल्या आणि केवळ झडपेपुरता संसर्ग असलेल्या तरुणाचा धोका याहून बराच कमी असतो. कृत्रिम झडपेला संसर्ग, झडपेच्या मुळाशी पू, स्टॅफिलोकोकस जंतू, निकामी होत चाललेली मूत्रपिंडे, रक्तदाब टिकवण्यासाठी लागणारी औषधे आणि अधिक वय यांमुळे तो वाढतो. या यादीतील निम्म्या गोष्टी उशिराच्या खुणा आहेत, हे विशेष. रुग्ण ज्या अवस्थेत शस्त्रक्रियेच्या टेबलावर पोहोचतो, त्यावर निकाल मोठ्या प्रमाणात ठरतो.

मृत्यूखेरीज अन्य गुंतागुंतीही संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी समजून घ्यायला हव्यात. रक्तस्राव होऊन पुन्हा छाती उघडावी लागणे, काही काळ किंवा कायमचे डायलिसिस, पक्षाघात, विद्युतवाहिनीला इजा होऊन पेसमेकर बसवावा लागणे, संसर्गामुळे रक्तदाब कोसळणे आणि नव्या झडपेच्या कडेने गळती होणे या त्यांपैकी प्रमुख.

मेंदूला इजा झाली असेल तर?

थांबणे योग्य ठरते, अशीही एक परिस्थिती आहे. साधारण १५ ते ३० टक्के रुग्णांमध्ये या आजाराचा मेंदूवर लक्षणे दिसण्याइतका परिणाम होतो. शस्त्रक्रियेवेळी यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध मोठ्या मात्रेत द्यावे लागते. मेंदूत आधीच रक्तस्राव झाला असेल, तर या औषधाने तो वाढू शकतो. अशा रुग्णात शक्य असल्यास सुमारे चार आठवडे थांबण्याचा सल्ला दिला जातो. मात्र हृदय खचत असेल, तर तेवढा अवधी नसतो आणि निर्णय अधिक कठीण होतो.

रक्तवाहिनी बंद होऊन पक्षाघात झाला आहे, पण रक्तस्राव नाही आणि रुग्ण खोल बेशुद्धीत नाही, अशा वेळी शस्त्रक्रिया लांबवू नये, असा आताचा कल आहे. हा फरक ओळखण्यासाठी शस्त्रक्रियेपूर्वी मेंदूचे सीटी स्कॅन किंवा एमआरआय केले जाते. हृदयाच्या आजारात डोक्याची तपासणी कशाला, असे वाटले तरी ती टाळू नये. असे निर्णय एकट्या डॉक्टरने न घेता हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद, संसर्गतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावेत, असे मार्गदर्शक सूचना सांगतात.

कोणती झडप?

झडप बदलायची ठरल्यास धातू-कार्बनची यांत्रिक झडप किंवा प्राण्याच्या ऊतींपासून बनवलेली जैविक झडप, असे दोन मुख्य पर्याय असतात. संसर्ग पुन्हा होण्याच्या दृष्टीने दोहोंत फार फरक नाही. संसर्ग झालेला भाग किती पूर्णपणे काढला, हे अधिक महत्त्वाचे. फरक आहे तो पुढील आयुष्यात. यांत्रिक झडप दीर्घकाळ टिकते. मात्र रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतात आणि ‘आयएनआर’ ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. जैविक झडपेला सहसा अशा आजन्म गोळ्या लागत नाहीत. परंतु तरुण शरीरात ती लवकर झिजते आणि दहा-पंधरा वर्षांत पुन्हा शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

रुग्ण पंचविशीतील स्त्री असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. वॉरफरिनसारख्या गोळ्या गर्भाला अपायकारक ठरू शकतात आणि त्या अचानक बंद केल्यास झडपेवर रक्ताची गुठळी होऊ शकते. पुढे मूल हवे आहे का, तपासणीची सोय गावापासून किती दूर आहे, गोळ्या न चुकता घेता येतील का, या घरगुती वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे झडपेची निवड ठरवतात. ती डॉक्टरांना मोकळेपणाने सांगितली पाहिजेत.

खर्चाच्या बाबतीत भारतीय रुग्णांना एका देशी संशोधनाचा मोठा आधार मिळाला. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली यांत्रिक झडप विकसित झाली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम रुग्णाला बसवण्यात आली. चेन्नईस्थित टीटीके समूहाने तिचे उत्पादन हाती घेतले. ‘टीटीके चित्रा’ या नावाने ओळखली जाणारी ही झडप आयात झडपांपेक्षा स्वस्त असून एक लाखाहून अधिक रुग्णांना ती बसवण्यात आली आहे. आयुष्मान भारत योजनेत आणि महाराष्ट्रातील महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडप बदलण्याची शस्त्रक्रिया समाविष्ट आहे. पैशाची जुळवाजुळव करण्यात दिवस जाऊ नयेत म्हणून रुग्णालयातील योजनेच्या कक्षात पहिल्याच दिवशी चौकशी करणे हिताचे.

शस्त्रक्रियेनंतर

झडप बदलली म्हणजे उपचार संपले नाहीत. काढलेल्या झडपेत जिवंत जंतू सापडले, तर प्रतिजैविकांचा संपूर्ण कालावधी शस्त्रक्रियेच्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. त्यामुळे काही रुग्णांना अपेक्षेपेक्षा अधिक काळ उपचार घ्यावे लागतात.

रुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेल्यांचे भवितव्य एकंदरीत आशादायक असते. उपलब्ध अभ्यासांनुसार त्यांपैकी ८० ते ९० टक्के रुग्ण वर्षभरानंतर आणि ६० ते ७० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात. मात्र संसर्ग पुन्हा उद्भवण्याची शक्यता २ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान राहते आणि एकदा हा आजार झालेली व्यक्ती कायम जोखमीच्या गटात गणली जाते. अशा व्यक्तीने दात स्वच्छ ठेवावेत, दंतवैद्याकडे नियमित जावे आणि दात काढण्यापूर्वी हृदयाच्या आजाराची कल्पना द्यावी. त्या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविकाची एक मात्रा आधी घ्यावी लागते.

खरा उशीर कोठे होतो?

शस्त्रक्रियेची चर्चा सुरू होण्याच्या कितीतरी आधी मौल्यवान वेळ निघून गेलेला असतो. रोज संध्याकाळी येणारा ताप, रात्री घाम, भूक मंदावणे, वजन घटणे ही लक्षणे मलेरिया, विषमज्वर किंवा क्षयाशी मिळतीजुळती आहेत. रुग्ण औषधाच्या दुकानातून तीन-चार दिवसांच्या प्रतिजैविक गोळ्या घेतो. ताप उतरतो, आठवड्याने परततो. पुन्हा दुसऱ्या गोळ्या. या अर्धवट औषधांनी पुंजक्यातील जंतू मरत नाहीत, पण रक्तातील जंतू काही काळ दिसेनासे होतात. पुढे मोठ्या रुग्णालयात ‘ब्लड कल्चर’ केले, तर त्यात काहीच उगवत नाही. जंतू कोणता हे न कळल्याने अचूक औषध निवडता येत नाही आणि उपचार अंदाजाने करावे लागतात. भारतातील रुग्णांमध्ये कल्चर निष्फळ ठरण्याचे प्रमाण मोठे आहे आणि आधी घेतलेली प्रतिजैविके हे त्याचे एक प्रमुख कारण आहे.

प्रतिजैविकांच्या अशा मोकाट वापराविरुद्धचा एक महत्त्वाचा आवाज चेन्नईतूनच उठला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये देशातील वैद्यकीय संघटनांचे प्रतिनिधी येथे एकत्र आले आणि त्यांनी ‘चेन्नई जाहीरनामा’ म्हणून ओळखला जाणारा आराखडा तयार केला. आदर्श नसले तरी अमलात आणता येईल असे प्रतिजैविक धोरण देशाला हवे, हा त्याचा गाभा होता. मार्च २०१४ पासून केंद्र सरकारने ४६ औषधांसाठी ‘एच-१’ ही वेगळी अनुसूची लागू केली. ही औषधे चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याला त्यांची नोंद ठेवावी लागते.

कायद्याची अंमलबजावणी हा सरकारचा विषय असला, तरी घरातही एक खबरदारी घेता येते. ज्यांना र्‍हुमॅटिक हृदयविकार, जन्मजात हृदयदोष, कृत्रिम झडप किंवा पेसमेकर आहे, अथवा जे डायलिसिसवर आहेत, त्यांना कारण न सापडणारा ताप आठवडाभर राहिला, तर प्रतिजैविक घेण्यापूर्वी रक्ताचे किमान तीन नमुने वेगवेगळ्या ठिकाणांहून कल्चरसाठी द्यावेत आणि इको तपासणी करून घ्यावी. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसले नाही, तरी शंका कायम असल्यास अन्ननलिकेतून इको करावी लागते. लहान पुंजके तिच्यात अधिक स्पष्ट दिसतात. तापासोबत धाप लागणे, बोलताना जीभ अडखळणे किंवा हातापायातील शक्ती जाणे ही लक्षणे दिसल्यास एक रात्रही थांबू नये.

रुग्ण दाखल झाल्यानंतर कुटुंबाने विचारावेत असे प्रश्न मोजकेच आहेत. कोणत्या झडपेला संसर्ग आहे आणि ती किती गळते? जंतू सापडला का? पुंजका किती मोठा आहे? मेंदूत रक्तस्राव आहे का? आज शस्त्रक्रिया केली तर धोका किती आणि आठवडाभर थांबलो तर किती? या रुग्णालयात अशा शस्त्रक्रियेचा अनुभव आहे, की रुग्णाला अन्यत्र हलवावे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हलवावे’ असे असेल, तर रुग्ण प्रवास करण्याच्या अवस्थेत असतानाच ते मिळायला हवे.

‘ताप उतरू द्या, मग बघू’ हे वाक्य मायेपोटी उच्चारले जाते. काही रुग्णांत ते बरोबरही ठरते आणि केवळ औषधांनी झडप वाचते. मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णात थांबणे हाच उपचाराचा भाग असतो. परंतु हे ठरवण्याचा निकष थर्मामीटरचा पारा नाही. झडप किती गळते आहे, पू कोठवर पसरला आहे आणि पुंजका केव्हा सुटू शकतो, यांवरून ते ठरते. ताप उतरल्यावरही या तीन गोष्टी तशाच असतील, तर रुग्णाचा धोका कमी झालेला नसतो.